एवढ्या समुद्रात जहाज सापडतं कसं?

युद्धाच्या गोष्टीत पाणबुडी आली की ऐकणारा, मग तो आठवीतला मुलगा असो की चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या कॉलनीतले निवृत्त इंजिनिअर, एक प्रश्न हमखास विचारतो. समुद्राला ना रस्ता, ना मैलाचा दगड. मग पाण्याखाली दडलेल्या पाणबुडीला नेमकं तेलाचंच जहाज सापडतं कसं? प्रश्न बिनतोड आहे. पाणबुडीच्या युद्धाचं सगळं मर्म त्यात आहे. स्फोट, आग, बुडणारं जहाज हे सगळं काही मिनिटांचं असतं. त्याआधीचे कित्येक दिवस पाणबुडी फक्त शोधत असते.

या विषयावरची पुस्तकं बहुतेक अटलांटिक महासागराची असतात. आपण आपल्याच अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात राहू. १९४२ ते १९४४ या काळात हे युद्ध मुंबईच्या आणि गोव्याच्या दारात आलं होतं, आणि त्यात मेलेल्यांमध्ये कोकणातली माणसं होती.

१. तेलाचं जहाजच का?

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राला कोळसा लांबून आणावा लागत नाही. दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी उशाशी आहेत. तरी बंद पडून थंड झालेला बॉयलर पुन्हा सुरू करायचा तर कोळशाची भुकटी एकदम पेट घेत नाही. आधी तेलाचे बर्नर लावून भट्टी तापवावी लागते, मग कोळसा. आणि तेल चंद्रपूरच्या जमिनीत नाही. ते वॅगनीनं किंवा टँकरनं येतं, आणि त्याआधी त्याचा बराच प्रवास समुद्रावरून झालेला असतो. कोळशाचा देश असूनही तेलासाठी समुद्राकडे तोंड करावं लागतं, ते असं.

दुसऱ्या महायुद्धात ही ओढ जीवघेणी होती. रणगाडे, ट्रक, विमानं आणि बहुतेक युद्धनौका तेलावर चालत. १९४२च्या सुरुवातीला जपाननं डच ईस्ट इंडीजच्या म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या तेलविहिरी घेतल्या. एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातल्या येनानजाउंगच्या विहिरी माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. भारतात आसामातलं दिग्बोई होतं, पण त्याचं उत्पादन एवढ्या मोठ्या युद्धाला पुरणारं नव्हतं. मुंबईत तर तेव्हा तेल शुद्ध करणारा मोठा कारखानाच नव्हता. ट्रॉम्ब्याचे पहिले दोन कारखाने १९५४-५५ मधले. उरलं इराणच्या आखाताच्या टोकाचं अबादान. तिथला अँग्लो-इराणियन कंपनीचा शुद्धीकरण कारखाना त्या काळी जगात सर्वांत मोठा होता. मुंबईचं पेट्रोल, ब्रिटिश नौदलाच्या पूर्वेकडच्या आरमाराचं इंधन, आफ्रिकेच्या बंदरांना लागणारं तेल, सगळ्यांचा नळ एकच.

एक मालवाहू जहाज बुडवलं तर शत्रूचा तांदूळ, कापूस किंवा रेल्वेचे रूळ जातात. दहा हजार टन तेलाचा टँकर बुडवला तर काही काळ बाकीची जहाजं आणि विमानं जागची हलत नाहीत. शिवाय टँकर बांधायला वेळ लागतो, आणि साध्या मालवाहू जहाजात तेल ओतून काम भागत नाही. म्हणून पाणबुडीच्या कप्तानाला दोन जहाजं दिसली आणि एकाच टॉर्पेडोची संधी असली, तर तो टँकर निवडायचा.

२. पाणबुडीतून समुद्र दिसतो किती?

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे नजर क्षितिजाला अडते. डोळा पाण्यापासून किती उंच आहे त्यावर क्षितिज किती लांब ते ठरतं. सोपं सूत्र असं: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साधारण साडेतीनानं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

त्या काळची पाणबुडी बराचसा वेळ पाण्यावरच असायची. तिच्या छोट्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचा डोळा पाण्यापासून सुमारे ५ मीटर उंच. म्हणजे त्याचं क्षितिज ८ किलोमीटरवर. समोरच्या जहाजाची डोलकाठी २५ मीटर उंच असेल, तर तिचं टोक आणखी १८ किलोमीटर पलीकडूनही डोकावतं. दोन्ही मिळून २६ किलोमीटर. पाण्याखाली जाऊन पेरिस्कोप मीटरभर वर काढला, तर पाणबुडीच्या बाजूचे ८ किलोमीटर साडेतीनावर येतात, आणि लाटा उसळल्या की तेही नाहीत.

आता दिवसभराचा हिशेब करू. पाणबुडी १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर वेगानं बारा तास उजेडात फिरली, तर २२२ किलोमीटर अंतर कापेल. डावीकडे २६ आणि उजवीकडे २६ असा ५२ किलोमीटर रुंद पट्टा तिच्या नजरेखालून जाईल. क्षेत्रफळ झालं सुमारे ११,५०० चौरस किलोमीटर. हे जवळपास अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्याएवढं आहे. एका दिवसात मूल-सावलीपासून जिवती-राजुऱ्यापर्यंतचा सगळा मुलूख पाहून झाला, असं समजा. चांगलं काम झालं म्हणायचं. पण अरबी समुद्र सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटरचा आहे. या गतीनं तो एकदा पाहायला अकरा महिने लागतील, आणि तोवर जहाज एका जागी थांबलेलं नसतं. रात्र, पावसाळा आणि धुकं यांचा तर हिशेब अजून धरलेलाच नाही. नुसतं फिरून जहाज सापडत नाही, हे इथेच कळतं.

३. मग सापडतं कुठे?

ताडोब्यात मे महिन्यात जाणत्या गाईडला विचारा. वाघ दाखवायचा म्हणून तो जंगलभर जिप्सी पळवत नाही, पाणवठ्यावर नेऊन गप्प बसवतो. जंगल कितीही मोठं असो, उन्हाळ्यात पाण्याच्या जागा मोजक्या आणि त्या ठरलेल्या. समुद्रातही अशा जागा आहेत. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी चाळीस किलोमीटरही रुंद नाही, आणि अबादानचा प्रत्येक टँकर तिथूनच बाहेर पडणार. एडनचं आखात, मादागास्कर आणि आफ्रिका यांच्यामधली मोझांबिकची सामुद्रधुनी, लक्षद्वीप-मालदीवच्या बेटांमधल्या वाटा, मुंबई आणि कोचीन बंदरांची तोंडं, या त्या जागा. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनीच्या 'मोन्सून' गटाच्या पाणबुड्या इथे आल्या तेव्हा त्या नेमक्या याच ठिकाणी पसरल्या. युरोपातून निघालेल्या ११ पैकी जेमतेम पाच इथवर पोहोचल्या होत्या. यू-१६८ मुंबईसमोर आली आणि २ ऑक्टोबरला तिनं 'हायचिंग' हे छोटं जहाज बुडवलं. यू-१८८ आणि यू-५३३ ओमानच्या आखाताकडे गेल्या. यू-५३२ मलबारच्या बाजूला राहिली. तिनं ११ ऑक्टोबरला बुडवलेलं 'जलबाला' हे वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचं, म्हणजे मुंबईच्या मालकीचं जहाज होतं.

जहाज दिसलं म्हणून काम झालं असं मात्र नाही. टँकर ११ नॉटनं चाललाय. पाणबुडी पाण्यावर १८ नॉटनं पळू शकते, पण पाण्याखाली विजेच्या बॅटऱ्यांवर जास्तीत जास्त ७ नॉट, तेही तासाभरापुरतं. बॅटरी पुरवायची तर ४ नॉट. म्हणजे पाण्याखालून ती टँकरला कधीच गाठू शकत नाही. तिला पाण्यावरून, टँकरला दिसणार नाही इतकं अंतर राखून, पुढे जाऊन थांबावं लागतं.

समजा टँकर पाणबुडीच्या २६ किलोमीटर पुढे आहे, आणि तिला त्याच्या २६ किलोमीटर पुढे जायचंय. ५२ किलोमीटर भरून काढायचे. वेगातला फरक ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. सरळ रेषेत चार तास, आणि वळसा घालून जायचं असल्यानं प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. टँकर १५ नॉटचा असेल तर फरक ३ नॉटवर येतो आणि चार तासांचे साडेनऊ होतात. तेवढ्यात रात्र संपते किंवा आकाशात विमान येतं. वेगवान जहाजांना एकट्यानं जाऊ द्यायचे आणि मंद जहाजांना ताफ्यात घालायचे, त्यामागे हाच हिशेब होता.

ताफ्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकली की उलटी वाटते. चाळीस जहाजं एकत्र, म्हणजे शत्रूला ताट वाढून दिल्यासारखं नाही का? पण वरचं २६ किलोमीटरचं गणित आठवा. एक जहाज २६ किलोमीटरवरून दिसतं. चाळीस जहाजांचा ताफा काही किलोमीटर रुंद असला, तरी तो फार तर ३०-३२ किलोमीटरवरून दिसेल. चाळीस जहाजं विखुरली तर पाणबुडीला चाळीस संधी मिळतात, एकत्र ठेवली तर एकच. आणि ती एक संधीसुद्धा पहारा देणाऱ्या युद्धनौकांसमोर. मुंबई आणि इराणचं आखात यांच्यामध्ये 'बीपी' आणि 'पीबी' या खुणेचे ताफे याच कारणानं सुरू झाले. अडचण युद्धनौकांची होती. अटलांटिकला द्यायला त्या पुरत नव्हत्या, मग हिंदी महासागराच्या वाट्याला येणार किती? त्यामुळे इथे पुष्कळ टँकर शेवटपर्यंत एकटेच फिरले. लंडनला हे कळत होतं आणि तरी जहाजं सोडली जात होती.

४. नेम

टॉर्पेडो हे पाण्याखालून स्वतःच्या यंत्रानं पळणारं, पुढच्या टोकात स्फोटक भरलेलं नळकांडं. जर्मनांच्या विजेवर चालणाऱ्या टॉर्पेडोत २८० किलो स्फोटक असे आणि तो ३० नॉटनं जाई. विजेचा असल्यानं पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उमटत नसे. जपानी टॉर्पेडो प्राणवायूवर चाले आणि त्याहून पुष्कळ वेगवान होता.

३० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर. टँकर १,००० मीटरवर असेल तर टॉर्पेडोला ६५ सेकंद लागतील. तेवढ्यात ११ नॉटचा टँकर जवळजवळ ३७० मीटर पुढे गेलेला असेल. टँकरची लांबी दीडशे मीटर धरली, तर त्याच्या दोन लांब्यांहून जास्त पुढे, रिकाम्या पाण्यात नेम धरावा लागतो.

आता चूक करून पाहू. कप्तानानं टँकरचा वेग ११ ऐवजी ९ नॉट धरला. दोन नॉटचा फरक म्हणजे सेकंदाला एक मीटर. ६५ सेकंदांत ६७ मीटरची चूक. नेम जहाजाच्या मध्यावर होता आणि मध्यापासून टोक ७५ मीटरवर आहे, म्हणजे कसाबसा लागेल. अंतर २,००० मीटर असेल तर वेळ दुप्पट, चूकही दुप्पट, १३४ मीटर. टॉर्पेडो जहाजाच्या मागून निघून जाईल.

टँकरचे कप्तान घड्याळ लावून दर काही मिनिटांनी दिशा बदलत, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा सरळ. बाहेरून ते विनाकारण भरकटणं वाटतं. पण प्रत्येक वळणाबरोबर पाणबुडीतल्या माणसाचं वेग, दिशा आणि अंतराचं गणित पुसलं जातं आणि त्याला पाटी कोरी करून पुन्हा मांडावं लागतं.

५. टॉर्पेडो लागला म्हणजे बुडालंच?

बहुतेकांना वाटतं, तेलानं भरलेलं जहाज म्हणजे तरंगता बॉम्ब. पेट्रोल किंवा विमानाचं इंधन असेल तर ते खरं आहे. पण कच्चं किंवा जड तेल भरलेला टँकर बुडवणं साध्या जहाजापेक्षा अवघड असतं.

टँकरचं पोट एक मोठा हौद नसतं, पोलादी भिंतींनी त्याचे अनेक कप्पे केलेले असतात. त्यातला एक कप्पा १,००० घनमीटरचा घ्या. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे त्यात सुमारे ८५० टन तेल मावतं. कप्प्याला भोक पडलं, सगळं तेल गेलं आणि समुद्राचं पाणी भरलं, तर पाण्याचं वजन सुमारे १,०२५ टन. जहाजावरचं ओझं वाढलं फक्त १७५ टनांनी. आता साध्या मालवाहू जहाजाचा तेवढाच रिकामा भाग फुटला असता तर? पूर्ण १,०२५ टनांचं ओझं एकदम. सहापटीचा फरक. ज्या मालामुळे टँकर धोक्यात आला, तोच माल त्याला तरंगत ठेवतो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-१८८ नं ओमानच्या आखातात 'ब्रिटानिया' या नॉर्वेजियन टँकरला टॉर्पेडो मारला. तो बुडाला नाही. त्याच महिन्यात यू-५३२ नं मलबारजवळ 'ब्रिटिश पर्पज' ला मारला. तोही बुडाला नाही. 'ब्रिटिश लॉयल्टी' ची कहाणी तर विलक्षण आहे. मे १९४२ च्या अखेरीस मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानी बुटक्या पाणबुडीनं तिला बुडवलं. इंग्रजांनी तिला उथळ पाण्यातून वर काढलं, ओढत मालदीवच्या अद्दू बेटांवर नेलं आणि तेलाची तरंगती टाकी म्हणून उभी केली. ९ मार्च १९४४ रोजी जर्मन यू-१८३ नं बेटांच्या कड्यामधल्या फटीतून, बाहेरच्या समुद्रातून टॉर्पेडो सोडला आणि तो तिला लागला. ती कलंडली. आतल्या माणसांनी दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी भरून तिला सरळ केलं. युद्ध संपेपर्यंत ती तरंगत राहिली. १९४६ मध्ये तिला तिथेच बुडवण्यात आलं.

टँकर सर्वांत धोक्याचा असतो तो रिकामा असताना. तेल उपसलं तरी कप्प्यांत वाफ उरते, आणि हवेत मिसळलेली तेलाची वाफ तेलाहून लवकर भडकते. आणि टॉर्पेडो जहाजाच्या मागच्या भागात, यंत्रघरात लागला, तर कप्प्यांचं सगळं गणित बाजूला राहतं. तिथे भिंती कमी, मोकळी जागा जास्त, आणि माणसं तिथेच असतात.

६. मुरगावची चार जहाजं

आता मूळ प्रश्नाकडे. नजर तोकडी, समुद्र अफाट. पाणवठ्यावर बसायचं तरी कधी, आणि कोण येतंय हे कसं कळणार? यासाठी बातमी लागते, आणि बातमीवरून गोव्यात जे घडलं ते सिनेमापर्यंत पोहोचलं.

गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची 'एहरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला शिरली. पुढे इटली युद्धात उतरल्यावर 'अँफोरा' हे इटालियन जहाजही तिथेच अडकलं. तीन वर्षं ही जहाजं नांगर टाकून होती. ब्रिटिश गुप्तचरांची खात्री झाली की 'एहरेनफेल्स' वर छुपं बिनतारी यंत्र आहे आणि मुंबईहून कोणतं जहाज कधी निघतं याची बातमी तिथून पाणबुड्यांना जाते.

तटस्थ बंदरात ब्रिटिश सैन्य पाठवता येत नव्हतं. मग गुप्त मोहिमा चालवणाऱ्या खात्यातले कर्नल लुइस प्यू यांनी कलकत्त्याच्या 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळातली माणसं निवडली. चहाचे व्यापारी, हिशेबनीस, कंपन्यांचे अधिकारी. बरेच जण चाळिशी ओलांडलेले. सोबत 'कलकत्ता स्कॉटिश' चे काही. 'फीबी' नावाची नदीतला गाळ वाहणारी बोट कलकत्त्याहून पूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालून निघाली, बाकीचे रेल्वेनं कोचीनला जाऊन तिच्यात चढले. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते मुरगावात शिरून 'एहरेनफेल्स' वर चढले. झटापटीत जर्मन कप्तानासह काही खलाशी मारले गेले. जहाज हातातून जातंय असं दिसताच जर्मनांनी स्वतःच ते पेटवून तळाच्या झडपा उघडल्या. ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजं जाळून बुडवली.

ही गोष्ट कित्येक वर्षं दडपून होती. जेम्स लीझर यांचं 'बोर्डिंग पार्टी' १९७८ मध्ये आलं, त्यावरचा 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट १९८० मध्ये. चित्रपटामुळे लोकांच्या मनात घट्ट बसलं की मुरगावचं यंत्र बंद पडलं आणि टँकर वाचू लागले.

माझ्या मते हा निष्कर्ष टिकत नाही. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंदी महासागरात ज्या जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, त्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला होत्या, डर्बन आणि केपटाउनच्या आसपास. त्यांना मुंबईच्या बातमीची गरज नव्हती. आणि पाणबुड्या खरोखर मुंबईसमोर आल्या त्या ऑक्टोबरमध्ये, 'एहरेनफेल्स' बुडून सात महिने झाल्यावर. त्या आल्या आणि त्यांना जहाजं सापडली, कारण वाटा ठरलेल्या होत्या. मुरगावच्या छाप्यातल्या माणसांचं धाडस खरं आहे. त्याचं फळ चित्रपटात दाखवलंय तेवढं मोठं नव्हतं.

बातमीनं खरोखर पारडं फिरवलं ते उलट्या बाजूनं. पाणबुडीलाही तेल लागतं. जर्मनीहून आलेल्या पाणबुड्या आणि जपानच्या ताब्यातलं पेनांग बंदर यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचं पाणी होतं. त्यांना भर समुद्रात तेल देणारी दोन जर्मन जहाजं होती, 'शार्लोटे श्लिमान' आणि 'ब्राके'. सप्टेंबर १९४३ मध्ये 'मोन्सून' गटाला मॉरिशसच्या दक्षिणेला तेल मिळालं ते 'ब्राके' कडून. भेटीची जागा बिनतारी संदेशानं ठरायची, आणि जर्मनांची गुप्त लिपी इंग्लंडमध्ये वाचली जात होती. १२ फेब्रुवारी १९४४ ला 'रिलेंटलेस' या विनाशिकेनं 'शार्लोटे श्लिमान' ला गाठलं, बरोबर एक महिन्यानं, १२ मार्चला, 'रोबक' नं 'ब्राके' ला. 'ब्राके' च्या खलाशांना उचलून नेलं यू-१६८ नं, त्याच पाणबुडीनं जिनं मुंबईसमोर 'हायचिंग' बुडवलं होतं. टँकर गमावल्यावर या पाणबुड्यांना पेनांगला परतण्याखेरीज फारसा मार्ग उरला नाही.

७. जहाजात कोण होतं?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत साधारण चौथा हिस्सा भारतीय होता. मुंबईत खलाशी भरती करणाऱ्या जहाजांवर डेकवर काम करणारे बरेच जण रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, स्वयंपाकघर आणि जेवणघरात गोव्याचे, यंत्रघरात पंजाबकडचे. खलाशांच्या वर टिंडल, त्याच्यावर सारंग. सुकाणू धरणारा सुकाणी. यंत्रघरात आगवाले आणि तेलवाले. गावातली माणसं गोळा करून आणणारा बहुधा सारंगच असे, त्यामुळे एक जहाज बुडालं की एकाच खाडीकाठच्या दोन-तीन गावांत एकाच वेळी रडारड व्हायची. पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या लहानशा अंशाएवढा होता. १९३९ च्या शरद ऋतूत ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले, काही जण तुरुंगात गेले, आणि पगार थोडा वाढला. टॉर्पेडोचा धोका मात्र सगळ्यांना सारखा होता. किंबहुना यंत्रघरातल्या आगवाल्याला तो कप्तानापेक्षा जास्तच होता.

या समुद्रातल्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवायला हव्यात. 'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं प्रवासी जहाज २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालं. जहाजावर ९५८ माणसं, बहुतेक भारतीय. २३ तारखेच्या पहाटेआधी जपानी पाणबुडी आय-२९ नं टॉर्पेडो मारला. जहाज लगेच बुडालं नाही. दुसऱ्या टॉर्पेडोनं बुडालं. २८० जण गेले. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेनं वाचलेल्यांना शोधून २७ तारखेला मुंबईला आणलं. 'तिलावा' च्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या. त्या २०१७ मध्ये समुद्रतळातून काढल्या गेल्या आणि त्यांच्या मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला.

दुसरी घटना पाच महिन्यांनंतरची. नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीतून निघाले. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर त्या पाणबुडीनं 'कॉर्बिस' हा ब्रिटिश टँकर बुडवला. नेताजी आत होते. टँकरवरचे बहुतेक खलाशी मेले. दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, मादागास्करच्या पलीकडे खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून नेताजींना दुसऱ्या पाणबुडीत घेण्यात आलं. ती दुसरी पाणबुडी आय-२९, 'तिलावा' बुडवणारी. नेताजींच्या प्रवासाच्या वर्णनात 'कॉर्बिस' आणि 'तिलावा' सहसा येत नाहीत. ती यायला हवीत असं मला मनापासून वाटतं. नेताजी त्यानं लहान होत नाहीत. युद्धातली पाणबुडी कुणाला पोहोचवते आणि कुणाला बुडवते, हे तिच्या आतल्या प्रवाशाच्या हातात नसतं, एवढं मात्र त्यातून नीट समजतं.

सगळ्यात काळं पान 'ब्रिटिश शिव्हलरी' चं. रिकामा टँकर, ऑस्ट्रेलियाहून अबादानला निघालेला. २२ फेब्रुवारी १९४४ ला जपानी पाणबुडी आय-३७ नं तो बुडवला, मग पाण्यावर येऊन होड्यांतल्या माणसांवर मशीनगन चालवली. वाचलेले ३७ दिवस होडीत काढून दुसऱ्या जहाजाला सापडले. त्या पाणबुडीच्या कप्तानाला युद्धानंतर या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. जहाज बुडवणं आणि होडीतल्या माणसाला मारणं यांतली रेघ समुद्राच्या कायद्यात तेव्हाही स्पष्ट होती.

समुद्रानंच गिळलेल्या खलाशांना कबर नसते. भारतीय व्यापारी जहाजांवरच्या आणि नौदलातल्या सहा हजारांहून अधिक मृतांची नावं दोन सारख्याच नोंदवह्यांत लिहिली आहेत. एक चितगावला आहे, दुसरी मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. हीच नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतात. नावासमोर जहाज, हुद्दा आणि तारीख असते, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही. रोमन लिपीत नावांची स्पेलिंगं हवी तशी लिहिलेली आहेत, म्हणून घरातला कुणी युद्धात जहाजावर गेला आणि परत आला नाही अशी आठवण ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नावाऐवजी आधी जहाजाचं नाव टाकून शोधावं. त्या जहाजाची सगळी यादी एका ठिकाणी मिळते, आणि मग त्यात आपलं गाव ओळखता येतं.